मार्तंड सरांचं अस्सल इंजिन

तुळजापूरला रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे तिथली माणसं इतकी वर्षं ऐकत आली आहेत, की आता तामलवाडीच्या बाजूनं खरोखर मातीचे भराव पडले, पुलांचे खांब उभे राहिले, तरी निम्म्या गावाचा विश्वास बसत नाही. आमचं म्हणाल तर रेल्वे तुळजापुरात कधीच येऊन बसली होती. भाद्रपदात महालक्ष्म्यांचे तीन दिवस धावायची आणि उरलेलं वर्ष खोक्यात झोपायची. मार्तंड सरांच्या घराची पुढची खोली हेच तिचं स्टेशन.

मार्तंड सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सरोजिनीबाईंचा भाऊ कधीकाळी नोकरीच्या कामानं जर्मनीला गेला होता, तो येताना भाच्यासाठी ही गाडी घेऊन आला. वीतभर काळं इंजिन, मागं चार उघडे डबे आणि जोडून गोल करायचे रूळ. भाचा, म्हणजे सरांचा मुलगा श्रेयस, तेव्हा रांगत होता. तो मोठा झाला की खेळेल म्हणून सरांनी गाडी कपाटात ठेवली, आणि तो मोठा झाल्यावर बिघडवेल म्हणून कपाटातच राहू दिली. मामानं आणली भाच्याला आणि खेळला बाप, असा त्या गाडीचा इतिहास.

पण महालक्ष्म्या बसल्या की ती बाहेर यायची. बाकीचे लोक ज्यांना गौरी म्हणतात त्यांना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्यापुढची आरास हा घरोघरच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. कुणी विहीर करतं, कुणी डोंगर करतं. सरांच्या घरी दोन्ही महालक्ष्म्यांभोवती रेल्वे फिरायची. त्यात सरोजिनीबाईंनी एक युक्ती काढली होती. पहिल्या डब्यात हळद, दुसऱ्यात कुंकू, तिसऱ्यात अक्षता आणि चौथ्यात खडीसाखर. आलेल्या बायका रुळाच्या कडेनं बसायच्या, गाडी प्रत्येकीपुढं थांबायची, बाई हळदीकुंकू लावून घ्यायची, खडीसाखरेचा खडा उचलायची, आणि मग थोडं हळदीकुंकू इंजिनालाही लावायची. एवढं सगळं दारात आणून देणाऱ्याला कोरडं कसं पाठवायचं? गाव या महालक्ष्म्यांना रेल्वेच्या महालक्ष्म्याच म्हणायचं. सर बाजूला खुर्चीत बसून खटका दाबायचे आणि चेहरा असा ठेवायचे, की जणू सोलापूरच्या मेलला हिरवा बावटा दाखवतायत.

सरांचा एक हट्ट सगळ्या गावाला माहीत होता. वस्तू अस्सल पाहिजे. स्कूटरचा साधा वायसर गेला तरी सर एसटीनं घाट उतरून सोलापूरला जायचे आणि कंपनीचाच घेऊन यायचे. मिक्सरच्या भांड्याला दुसऱ्या मिक्सरचं झाकण नीट बसायचं, तरी त्यांना ते चालायचं नाही. "चालणं आणि बसणं यात फरक आहे," असं म्हणायचे. शाळेत मुलांना उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली तर मार्क द्यायचे नाहीत, त्यातलाच हा प्रकार. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्याबरोबर राहणं कठीण होतं. सरोजिनीबाई राहिल्या, आणि हसतखेळत राहिल्या, यात त्यांचं कसब किती हे देवीलाच ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या ऐन जेवणाच्या दिवशी इंजिनानं मान टाकली. आधी गुरगुरलं, मग जळका वास आला, मग गप्प. सरांनी मोटर तपासली, ती जळाली होती. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असलेला छोटा पोकळ तुकडा बसवलेला असतो, त्याला वर्म म्हणतात. त्याच्या आट्यांत एका दातेरी चाकाचे दात अडकतात आणि मोटर फिरली की ते चाक इंजिनाची चाकं फिरवतं. तो वर्म आणि ते चाक दोन्ही झिजले होते. श्रेयसनं पुण्याहून जर्मनीच्या कंपनीला विचारलं. कंपनीनं अगदी सभ्यपणे कळवलं, की ही मोटर बनवणं कधीच बंद झालंय, वर्मही बंद, चाकही बंद, आणि साठ्यातही एक नग नाही.

"बाबा, दुसरी मोटर बसते," श्रेयस म्हणाला. "लोक बसवतात. मी मागवून देतो."

"बसत असेल," सर म्हणाले. "पण मग ते हे इंजिन राहत नाही. नुसतं टरफल राहतं."

श्रेयसनं तरीही मोटर, नवा वर्म आणि त्याच्या जोडीचं चाक असं एक पुडकं पाठवून दिलं. सरांनी ते न फोडता कपाटात ठेवलं. त्यानंतरच्या महालक्ष्म्यांना गाडी रुळावर मांडली होती, पण जागची हलली नाही. बायका यायच्या, वाकून डब्यातलं हळदीकुंकू घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आज रेल्वे लेट हाय वाटतं, सर." सर हसायचे नाहीत.

त्याच वर्षी घरात आणखी एक गोष्ट बंद पडली. महालक्ष्म्या येतात त्या संध्याकाळी तुळशीपासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढतात. घरची बाई मुखवटा हातात धरून त्या पावलांवर पाऊल ठेवत येते. उंबऱ्याशी आतली बाई विचारते, "महालक्ष्मी कशाच्या पावलानं आली?" आणि आणणारी म्हणते, "सोन्याच्या पावलानं आली." लग्न होऊन आल्यापासून मुखवटे सरोजिनीबाईच आणत होत्या. त्या वर्षी तिसऱ्या पावलावर त्यांचा उजवा गुडघा असा कळवळला, की मुखवटा सुनेच्या, अर्पिताच्या, हातात देऊन त्या तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. पुढचं सगळं अर्पितानं केलं. बाई कट्ट्यावरून "सोन्याच्या, सोन्याच्या" म्हणत राहिल्या, पण रडत होत्या.

देवीच्या पायऱ्या उतरणं त्याआधीच सुटलं होतं. आता घरातल्या घरातही भिंत धरून चालणं सुरू झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की सांध्यातली गादी पार संपलीय, गोळ्यांनी काही व्हायचं नाही, गुडघा बदला. सरोजिनीबाई नको म्हणाल्या. सरांनी समजावलं, श्रेयसनं समजावलं, अर्पितानं मोबाईलवर गुडघे बदललेल्या बायका चालताना दाखवल्या. त्या सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं चालतायत. चालू द्या."

एका सकाळी बाई वाती वळत बसल्या होत्या. सर एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून हाडं दाखवत होते, फळ्यावर प्रमेय सोडवल्यासारखे.

"हे बघ, इथं हाडावर हाड घासतंय. हा भाग काढायचा, तिथं धातूचा बसवायचा. साधी गोष्ट आहे."

"अहो, एक विचारू का?"

"विचार ना."

"तुमच्या त्या इंजिनाला परकी मोटर चालत नाही. ते टरफल होतं. आणि बायकोला परका गुडघा चालतो व्हय?"

सरांचा हात एक्सरेसकट तसाच वर राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रीतीतल्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक अशी भरदिवसा सापडली, की त्याला बसायला जागा लागते. सर बसले.

"तसं नसतं गं," ते म्हणाले. आणि ते एक्सरे पाकिटात घालायला लागले.

बाई हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "बरं, असं करा. यंदाच्या महालक्ष्म्यांना ती गाडी परक्या मोटरवर चालवून दाखवा. मला पटलं तर बघू."

त्या थट्टेत बोलल्या असतील. सरांनी मात्र ते गणितासारखं घेतलं.

दुपारीच त्यांनी इंजिन खोललं. आत काय निघालं, तर पिवळट तांबडं, मेणासारखं घट्ट झालेलं काहीतरी. चाकाच्या दातांत ते असं भरलं होतं, की दात दिसेनात. सरांनी काडीनं काढून बोटावर चोळलं, वास घेतला. हळद, कुंकू आणि खोबरेल. इतक्या वर्षांच्या बायकांनी इंजिनाला लावलेलं आणि डब्यांतून सांडलेलं हळदीकुंकू रुळावरून आत गेलं होतं, आणि सर दर वर्षी मायेनं जे खोबरेल घालायचे त्यानं त्याचा लगदा केला होता. थंडीत खोबरेल थिजलं की तो लगदा दगड व्हायचा. कंपनीच्या पुस्तिकेत कोणतं तेल घालायचं ते लिहिलं होतं. पण सर म्हणायचे, आपल्या घाण्याचं खोबरेल शुद्ध असतं. सगळं अस्सल पाहिजे म्हणणाऱ्यानं तेल मात्र घरचं घातलं होतं.

सरांनी लगदा वाटीत काढला आणि सगळा दोष तेलावर घ्यायचं ठरवलं. हळदीकुंकवाचं नाव काढायचं नाही. पण बाई भिंत धरून आल्या आणि वाटीत डोकावल्या.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

"निम्मं माझंही आहे," सर म्हणाले.

 नवससायास केलेल्या लेकराला लाडानंच आजारी पाडावं, तसं झालं होतं.

नव्या वर्मचं भोक मोटरच्या दांड्याला मोठं निघालं. सर ते घेऊन बसस्टँडजवळच्या महांतप्पांकडं गेले. महांतप्पा घड्याळं दुरुस्त करायचे, आता जास्त करून सेल बदलायचे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी वर्म बघितला आणि मोटर बघितली.

"दुसऱ्याची मोटर?" त्यांनी विचारलं. "सर, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बसव की गुमान."

महांतप्पांनी जुन्या घड्याळातली पितळेची बारीक नळी कापून मधे घातली आणि वर्म घट्ट बसवून दिला. कारण काय म्हणून त्यांनी विचारलं नाही, पण सर निघाले तसे महांतप्पा म्हणाले, "वहिनींच्या गुडघ्याचं हाय व्हय हे?" तुळजापुरात गुडघ्याची बातमी देवीच्या आरतीच्या आधी पोचते.

इथं सरांनी एक चूक केली, आणि ती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. पुडक्यात नवा वर्म आणि नवं चाक जोडीनं आलं होतं. सरांनी मोटर नवी घातली, वर्म नवा घातला, पण दातेरी चाक जुनंच ठेवलं. एवढं तरी अस्सल राहू दे, असा विचार. सगळंच बदललं तर आपण काय राखलं, हा प्रश्न त्यांना खात होता. झिजलेलं चाक त्यांनी घासूनपुसून चकचकीत केलं आणि बसवलं. मग बाईंना हाक मारली. त्या खुर्चीत येऊन बसल्या.

सरांनी खटका दाबला. इंजिन झटक्यानं निघालं, अर्धा फेरा झपाझप गेलं, आणि कर्रकन आवाज होऊन थांबलं. आत मोटर गरगरत होती आणि इंजिन जागचं हलत नव्हतं. सरांनी उलटं करून बघितलं तर जुन्या चाकाचे दात भुगा होऊन पडले होते. नव्या वर्मचे आटे जुन्या दातांशी केसभर जुळत नव्हते, आणि नव्या मोटरला जोर होता.

सरोजिनीबाईंनी वाकून तो भुगा बघितला. मग अगदी हळू म्हणाल्या, "बघितलंत? नव्यानं जुनं खाल्लं."

त्या उठून आत गेल्या. सरांना कळलं, की आपण इंजिन नाही, बायकोचा होकार मोडलाय. त्यांना स्वतःचा इतका राग आला, की दोन दिवस ते इंजिनाकडं फिरकले नाहीत. देवळाच्या बाजूला जायचे, पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहायचे, आणि हातात चपला घेऊन उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायका बघायचे. आपण राखायला निघालो होतो ते काय होतं, याचा त्यांनी तिथं उभ्यानं बराच विचार केला. जुनं चाक त्यांनी इंजिनासाठी ठेवलं नव्हतं. आपली जिद्द सगळीच हरली असं होऊ नये म्हणून ठेवलं होतं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी घर गजबजलं. श्रेयस आणि अर्पिता पुण्याहून आले होते. बाई पुढच्या खोलीत पलंगावर बसून डब्यातले दागिने काढत होत्या. सरांनी खाली सतरंजीवर इंजिन घेतलं आणि जुनं चाक काढून नवं बसवलं. जोडी जुळली. पण मोटर लावली की गुरगुर ऐकू यायची, कण्हल्यासारखी. वर्म आणि चाक एकमेकांना फार चिकटले होते. थोडं लांब घेतलं की दात सुटायचे.

"काय पाहिजे?" बाईंनी वरून विचारलं. त्या बघत होत्या, हे सरांना माहीत नव्हतं.

"दोघांच्या मधे जरासं अंतर पाहिजे. अगदी पातळ कागदाएवढं. कागद मधे घालून स्क्रू आवळायचे आणि मग कागद काढून घ्यायचा. घरातले सगळे कागद जाड आहेत."

बाईंनी महालक्ष्मीच्या नथीचा गुलाबी कागद काढला. सराफ दागिना ज्यात बांधून देतात तो, वाऱ्यानंही फाटेल असा. त्याची चिमूटभर पट्टी फाडून त्यांनी खाली दिली. सरांनी ती मधे घातली, स्क्रू आवळले आणि कागद ओढून काढला. मग इंजिन रुळावर ठेवलं आणि खटका दाबला. इंजिन निघालं. फेरा पुरा झाला, दुसरा झाला, गुरगुर नव्हती.

"आवाज बदललाय," बाई म्हणाल्या.

सरांना पटकन म्हणता आलं असतं, छे, तसाच आहे. पण ते म्हणाले, "बदललाय. पहिल्यासारखा नाही आणि होणारही नाही. वळणावर जरा दमानं न्यावं लागतं. आता जवळून हळदीकुंकू नाही, लांबूनच. आणि माझं खोबरेल बंद." मग थांबून म्हणाले, "पण आतून नवं असलं तरी मला ते आपलंच वाटतंय. वाटणार नाही असं मला वाटलं होतं."

बाईंनी नथ हातात धरून ठेवली होती. "मला गुडघ्याचं काही नाही हो. मला भीती त्या टेबलाची आहे. झोपवलं आणि उठलेच नाही तर? तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही."

इतक्या दिवसांत त्या हे पहिल्यांदाच बोलल्या होत्या. सरांनी इंजिन थांबवलं.

"मलापण त्याचीच भीती आहे," ते म्हणाले. "म्हणून तर एक्सरे दाखवत बसायचो. ते बोलायला सोपं होतं."

आतून अर्पितानं ऐकलं असेल, पण ती बाहेर आली नाही. शहाणी मुलगी.

संध्याकाळी मुखवटे अर्पितानंच आणले. सरोजिनीबाई उंबऱ्याच्या आत खुर्चीत बसून विचारत होत्या आणि सून उत्तर देत होती. दुसऱ्या दिवशी बायका आल्या, रेल्वे फिरली, खडीसाखर वाटली गेली. इंजिनापुढं कुणाचं बोट गेलं की सर म्हणायचे, "लांबून, लांबून," आणि बायका म्हणायच्या, "सर, तुमचं इंजिन सोवळ्यात हाय का?" तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप देताना बाईंनी श्रेयसला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "दिवाळी झाली की तारीख घे. आणि तोवर बाबांना चहा करायला शिकव."

शस्त्रक्रिया झाली. बाई उठल्या. पण पुढचे महिने काही सोपे गेले नाहीत. पाय वाकवताना त्या डॉक्टरला, सरांना आणि जर्मनीच्या कंपनीलाही नावं ठेवायच्या. सर रोज सकाळी चहा करायचे. तो चहा अस्सल होता असं म्हणवत नाही, पण बाई पूर्ण प्यायच्या.

पुढच्या भाद्रपदात तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. सरोजिनीबाईंनी मुखवटा हातात घेतला. शेजारच्या बायका जमल्या होत्या. खोलीत सर खटक्यावर बोट ठेवून बसले होते, कारण महालक्ष्मी आत आली की रेल्वे सुटायची असं ठरलं होतं. बाई पावलावर पाऊल ठेवत निघाल्या. सावकाश, वळणावर जरा दमानं, पण न थांबता. दोन वर्षांपूर्वी जिथं पाय अडला होता ते तिसरं पाऊल मागं पडलं.

उंबऱ्याशी अर्पितानं विचारलं, "महालक्ष्मी कशाच्या पावलानं आली?"

बाईंनी मुखवटा छातीशी घेतला, आत खुर्चीत बसलेल्या सरांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "स्टीलच्या पावलानं आली. अस्सल."

बायका हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. रेल्वे मात्र सुटली नाही. सरांचं बोट खटक्यावर होतं, पण त्यांना खटका दिसत नव्हता. शेवटी श्रेयसनं वाकून तो दाबला.